हेमांगीची पेटी दोनदा वाजते

हेमांगीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग करत होतो. "ताई गेली," एवढंच बोलला तो. मला आधी तिचा रागच आला. महिनोन् महिने इथेच आमच्याबरोबर पोट धरून काम करायची आणि विचारलं की म्हणायची, "ॲसिडिटी आहे रे, डोकं नको खाऊ." तो राग अजून गेलेला नाही...

कोळीवाड्यातली पोरगी. आई मासळी विकते, म्हणून तिच्या बर्फाच्या पेटीला बसवायला हिने एक यंत्र केलं, गारवा कमी झाला की बोंबलणारं. त्यातल्या चिपला चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, तोही हिनेच लिहिला. 'थंडपेटी' नावाचा क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, आणि त्याच्या पोटात 'तापमापक' या दुसऱ्या क्लासमधून घडवलेलं ऑब्जेक्ट. बाहेरचा सुरू केला म्हणून आतला आपोआप कामाला लागत नाही, त्याला एक वेगळी ओळ लिहून उठवावं लागतं. आमच्याकडून हे घोकून घेणारी ही बाई स्वतःच ती ओळ लिहायला विसरली. झोपलेला तापमापक शून्यच सांगत राहिला, यंत्राला वाटलं सगळं गार आहे, आणि आईची सुरमई नासली. आईने ती उचलून फेकली आणि पेटी धुवायला घेतली. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं यार," हेमांगी म्हणाली. त्यानंतर तिने चालू करताना दोन टिट् वाजतील असं केलं: पहिली यंत्र उठल्याची, दुसरी आतला खरंच उठल्याची.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्या आईचा फोन. "पेटी एकदाच वाजते रे." गेलो. खाऱ्या हवेने तापमापक खाल्ला होता आणि तसला आता बाजारात मिळेना. दुसऱ्या जातीचा आणला, त्याचा क्लास लिहिला. थंडपेटीत एकच ओळ बदलायची होती, पण तिच्या फाईलला हात लावायचं अगदी जिवावर आलं.

"तिचा काय र्‍हायला का आत?" आईने विचारलं.

"आतला एक बदलला, मावशी. बाकी सगळं तिचंच."

बटण दाबलं. टिट्... आणि जरा थांबून दुसरी.

"परत वाजव," मावशी म्हणाल्या.

यंत्र उगाच बंद करायचं नसतं, तेवढ्यात मासळीकडे कोण बघणार, हे मी त्यांना बजावून सांगितलंय. तरी रोज सकाळी त्या ते बंद करून पुन्हा चालू करतात आणि दुसरी टिट् येईपर्यंत तिथेच उभ्या राहतात. मी आता सांगायचं सोडलंय.