सुरणाच्या फुलाचे तापमान

१२ मे १९७४, रविवार, दुपारचे चार. वर्गणी साडेतीन रुपये: सात बिऱ्हाडे, प्रत्येकी आठ आणे. हजर: घरमालकीणबाई, एम.एस्सी. करणारी आणि सुट्टीला घरी आलेली माझी मुलगी, मी, आणि मेलेला उंदीर शोधायला आणलेला गटारवाला.

त्याने दोनपासून चारपर्यंत गटार उपसले. उंदीर नव्हताच. वास आमच्या पिंपात लावलेल्या सुरणाच्या फुलाचा होता, हे मला ठाऊक होते. पण मुलीने कुणाला न सांगण्याची गळ घातली होती. फूल वर्षातून एकदाच येते, तापते एखादीच संध्याकाळ, आणि प्रबंधासाठी तिला सहा ते आठ दर अर्ध्या तासाला तापमानाची नोंद हवी होती. गटारवाला फरशी उखडू लागला तेव्हा मात्र मला राहवेना. खरे सांगून टाकले.

"कापा आदी!" मालकीणबाई म्हणाल्या. "सहाला पावणे यायचेत माझ्याकडं."

"मावशी, आजच तापणार हो ते."

"सोलापुरात मे महिन्यात तापायला फूल कशाला? पत्र्यावर हात ठिव की!"

मुलगी समजावू लागली. पेशीत तंतुकणिका असतात, एके काळचे स्वतंत्र जिवाणू, पेशीत राहायला आलेले.

"म्हंजे भाडेकरूच की! त्ये बी असलाच वास मारत हुते?"

मुलगी पुढे सांगत राहिली: तंतुकणिकेच्या पडद्यातली प्रथिने अन्नातली शक्ती साठवतात. एक प्रथिन मात्र आडवाटेने ती उष्णता करून सोडते. ही आडवाट बटाट्यातही आहे, पण सुरणाच्या कुळाने ती फुलात कामाला लावली: उष्णतेने वास पसरतो, वासाने भुंगे येतात. ते प्रथिन अजून कुणी वेगळे काढलेले नाही.

"मग डबा झाका वरनं."

"डब्याखाली आकडा खोटा येईल," मी म्हणालो.

"बाबा, गप्प बसा ना जरा!"

चूक काय बोललो होतो मी? शेवटी गटारवालाच वैतागला. "गच्चीवर न्या की सायेब, किती वाद घालताय!"

एकोणीस पायऱ्या. पिंप मी आणि गटारवाल्याने चढवले, माझी कंबर महिनाभर धरली होती. सहाला हवा छत्तीस, फूलही छत्तीस. सातला फूल एकोणचाळीस. आठला हवा चौतीस, फूल बेचाळीस. पाचही नोंदी मिळाल्या. प्रत्येक आकडा मी दोनदा वाचायचो, त्यावरूनही ती चिडली.

वर्गणी ज्याची त्याला परत केली. गटारवाल्याला गटाराचे साडेतीन आणि पिंपाचे दोन, असे साडेपाच रुपये मी दिले.