ज्ञानोबाच्या जागी लिंबाजी

लिंबाजी गेल्याची खबर मला ज्ञानोबाने दिली. सकाळचे साडेसात वाजले असतील. मी अंगणात दाढी करत बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. ज्ञानोबा फाटकाशी आला आणि तिथेच थांबला. आत ये म्हटलं तर येईना. "सर, लिंबाजीमामा गेले," म्हणाला. मी उलट त्याच्यावरच खेकसलो, "सकाळी सकाळी काय वंगाळ बोलायलास रे!" तो नुसता खाली बघत राहिला, आणि मग माझ्या हातातला वस्तरा आपोआप खाली आला. तोंड पुसलं न पुसलं आणि तसाच अर्ध्या दाढीने मी लिंबाजीच्या घराकडे निघालो. वाटेत दोघातिघांनी माझं तोंड बघितलं, पण कुणी हसलं नाही. लिंबाजी असता तर पोट धरून हसला असता आणि पुढची दहा वर्षं ही गोष्ट गावभर सांगत फिरला असता. रात्री जेवून झोपला तो पहाटे उठलाच नाही, असं वहिनींनी सांगितलं. कुणाला तसदी द्यायची नाही हा त्याचा स्वभावच. पण मला एकदा सांगून जायला काय झालं होतं... असा राग आला मला त्या दिवशी, आणि खरं सांगतो, तो अजून उतरलेला नाही.

लिंबाजी सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कारकून होता, मी गावातल्या शाळेत मास्तर. देवगाव फाट्याकडून सेलूला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. दोघं एकाच वयाचे, रोज संध्याकाळी पारावर एकमेकांना 'जय भीम' घातल्याशिवाय आमचा दिवस मावळायचा नाही. पण आमची खरी दोस्ती जमली ती व्हॉलीबॉलमुळे. तालुक्यातल्या आठ गावांची लीग आम्ही चार मास्तरांनी मिळून सुरू केली होती. दिवाळी झाली की सुरू व्हायची ती महाशिवरात्रीच्या आत संपायची. दर रविवारी दुपारी, आज ह्या गावात तर पुढच्या रविवारी त्या गावात. लिंबाजीने स्वतः जन्मात व्हॉलीबॉल खेळला नाही. चेंडू अंगावर आला की दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसायचा. पण बावीस वर्षांत त्याने आमच्या गावाचा एकही सामना चुकवला नव्हता. नोकरीत असताना ऐन हंगामात, जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मालकाशी भांडून रविवार मोकळा ठेवायचा. आमच्या मैदानावर सामना असला की सकाळीच येऊन फक्कीच्या रेघा तो मारायचा. खेळ सुरू झाला की त्याचा आवाज असा लागायचा की समोरच्या गावचे लोक म्हणायचे, "सर, त्या मामाला जरा आवरा की, आमच्या पोरांची सर्व्हिस चुकायली." आणि एवढं सगळं करून आमच्या गावाने लीगचा कप एकदाही आणलेला नव्हता. दोनदा दुसरे आलो, बस.

त्याचं कारण लिंबाजीच्या मते एकच, ते म्हणजे मी! आमचा सगळ्यात चांगला खेळाडू ज्ञानोबा. तो लिफ्टर, म्हणजे जाळ्याजवळ उभा राहून मारणाऱ्यासाठी चेंडू हलकेच वर उचलून देणारा. त्याच्यासारखा हात तालुक्यात कुणाचा नव्हता. पण दसरा उलटला की ज्ञानोबा बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा तो गुढीपाडव्यानंतर परत यायचा. आणि आमची लीग नेमकी त्याच दिवसांत. वेळापत्रक मी करायचो. लिंबाजी दर वर्षी मला तेच विचारायचा, "मास्तर, ही लीग तू कुणासाठी ठेवायलास? गावात जे उरतेत त्यांच्यासाठीच का?" मी म्हणायचो, उन्हाळ्यात परीक्षा असतात, ऊन असतं, पोरं भाजून निघतील. "ऊन उसाच्या फडात नसतंय व्हय?" तो म्हणायचा. मग मी चिडायचो, तो हसायचा, आणि वेळापत्रक तसंच राहायचं. मास्तर माणसाला आपली चूक कळायला वेळ लागतो, कारण आयुष्यभर ती दुसऱ्याच्या वहीत शोधायची सवय असते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली ज्ञानोबाची टोळी लांब कर्नाटकात न जाता आपल्याच गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठाला उतरली होती. आमचा संघ त्याच्याशिवायही बरा खेळला आणि शेवटच्या रविवारी अशी वेळ आली की पिंपळगावला हरवलं तर कप आमचा. सामना आमच्याच मैदानावर. लिंबाजी शुक्रवारी माझ्याकडे आला. "ज्ञानोबाला आणू. एक दिवसाचा तर सवाल हाय." तोपर्यंत तो रिटायर झाला होता, साठी ओलांडलेली, फुरसतच फुरसत. शनिवारी आम्ही दोघं एसटीने निघालो आणि दुपारी टोळीच्या मुक्कामावर पोचलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली, एका खाटेवर मुकादम. तो माणूस वाईट नव्हता. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाला. "सर, कोयता म्हंजे नवरा-बायकू मिळून एक. ह्यो तोडणार, ती मोळ्या बांधणार. ह्यो गेला की ती एकटी काय करंल? उद्या गाड्या भरायच्या हायत. कोयता मोडता येत न्हाई." ज्ञानोबा बाजूला उभा होता. त्याचं तोंड मला बघवेना. मी पिशवी उचलली. तेवढ्यात लिंबाजी म्हणाला, "कोयता मोडू नका. त्याच्या जागी मी थांबतो की."

मुकादम हसायला लागला. "मामा, कधी कोयता धरलाय का हातात?" "चाळीस वर्षं कापूस मोजलाय," लिंबाजी म्हणाला. "मोजलाय, उचलला तर न्हाई ना," मुकादम म्हणाला. पण लिंबाजी हटेना. मी त्याला कोपीमागे ओढत नेला आणि झाडला. "वेडा का खुळा तू? बावीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितलीस, तो सोडून इथं मोळ्या बांधत बसणार? कंबर धरली म्हणजे वहिनी मला जाब विचारतील!" तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, मी बघितल्यानं पॉइंट मिळतो का? ज्ञानोबा खेळल्यानं मिळतो. जा घेऊन त्याला." ज्ञानोबाची बायको कुशावर्ता तोंडाला पदर लावून हे सगळं ऐकत होती. शेवटी तीच मुकादमाला म्हणाली, "राहू द्या मामाला, मी घेते सांभाळून." अशा रीतीने मी माझ्या मित्राला उसाच्या फडात ठेवून, ज्ञानोबाला घेऊन गावाकडे आलो. एसटीत बसताना मागे वळून बघितलं तर लिंबाजी हात हलवत होता आणि ओरडत होता, "पहिल्या गेमला जपून राहा म्हणावं पोरांना!"

रविवारचा सामना मी फार सांगत नाही, अजून जिवाला लागतं. गाव लोटलं होतं. ज्ञानोबाची बोटं उसाच्या पाल्याने चिरलेली, तरी त्याने असे चेंडू उचलले की पिंपळगावचे लोकसुद्धा 'वाह रे' म्हणून गेले. पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात तेरा-तेरा. तिथून एक चेंडू आमच्याकडून जाळ्यात गेला, आणि शेवटचा आमच्या पोराने मारला तो रेषेच्या बोटभर बाहेर. बोटभर! फक्कीच्या त्या रेघा त्या दिवशी मी मारल्या होत्या. मैदान मिनिटभर गप्प झालं, आणि पहिल्यांदाच मला कळलं की लिंबाजीचा आवाज नसला की आमचं मैदान कसं वाटतं...

ज्ञानोबाला दुसऱ्या दिवशी पहाटे फडात उभं राहायचं होतं, म्हणून लगेच जीप केली. फोन करून सांगावं तर मुक्कामावर रेंज नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. कोप्यांसमोर सगळी टोळी गोळा झालेली, बायका, माणसं, लेकरं, आणि मधे दगडावर लिंबाजी, डोक्याला टॉवेल, अंगभर पाचटाची काळी धूळ. आम्हाला बघून लेकरं ओरडत धावली. लिंबाजी उठून उभा राहिला. आणि मी, वाटभर साठवलेला सगळा राग त्याच्यावर ओकलो. "हरलो! एवढा आटापिटा करून हरलो. तू तिथं पाहिजे होतास, तुझा आवाज पाहिजे होता. इथं कशाला मरायला बसलास?" सगळी टोळी एकदम चिडीचूप झाली. लेकरं जागच्या जागी थांबली. मला वाटलं, परक्या माणसाचं ओरडणं ऐकून दबकली असतील. लिंबाजीने डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "बरं... ज्ञानोबा कसा खेळला?" मी म्हटलं, "तो झकास खेळला." "मग झालं तर," म्हणाला. मी तावातावाने टाकीकडे जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आलो आणि त्याला घेऊन निघालो. जीपमध्ये त्याने मला एकेक पॉइंट विचारून सगळा सामना सांगायला लावला. हात शालीत धरून बसला होता. तळहाताला फोड आले असणार, पण मी विचारलं नाही. मला माझ्याच हरण्याचं पडलेलं होतं.

नंतरही तो पाच हंगाम सामन्यांना आला, आवाज तोच, थट्टा तीच. त्या रविवारबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी नव्हतो म्हणून हरले." मला मात्र कधी टोचून बोलला नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाला आठही गावांतून पोरं आली, पिंपळगावचा सबंध संघ आला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, उभा राहिलो आणि दोन शब्ददेखील निघाले नाहीत. खाली बसलो.

घरी येऊन यंदाचं वेळापत्रक काढलं आणि फाडून टाकलं. बाकीच्या मास्तरांना फोन केले, भांडलो, आवाज चढवला, आणि शेवटी त्यांना कबूल करायला लावलं की यंदा लीग अक्षय्य तृतीयेनंतर, सकाळी साडेसहाला, उन्हाच्या आत. हे काम तो जिवंत असताना करायला मला काय धाड भरली होती! ज्ञानोबाला तसा निरोप धाडला. दोन दिवसांनी कुशावर्ता आली. टोळी निघायच्या बेतात होती, तिला खात्री करून घ्यायची होती. "सर, खरंच उन्हाळ्यात खेळणारायत का? ह्यांना खरं वाटंना." खरं आहे म्हटलं, बस, चहा घे. ती पायरीवर बसली, आणि लिंबाजीचा विषय निघाला तशी हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"सर, मामाला ऊस काय तोडता येत नव्हता," ती म्हणाली. "मीच तोडला, त्यांनी मोळ्या बांधल्या, त्या बी ढिल्या. पण दुपारी घड्याळात तीन वाजले अन् मामानं तिथंच सामना सुरू केला. तोंडानं! ह्यानं सर्व्हिस केली, त्यानं उचलला, अमक्यानं मारला... सगळी टोळी तोडता तोडता ऐकायली. पहिला गेम त्यांनी पिंपळगावला देऊन टाकला. मी म्हणलं, मामा, तुमच्याच तोंडात हाय, आपल्याला द्या की. तर म्हणले, न्हाई पोरी, आपली पोरं पहिल्या गेमला झोपत्यात, खोटं कामून सांगू? मग दुसरा आपुन घेतला. तिसऱ्याला तर मुकादम बी खाटंवरून उठून फडात आला. शेवटचा बॉल मामानं ह्यांच्या हातून उचलवला, असा वर, असा वर... अन् पंधरा-तेरानं आपुन जिंकलो. काय ओरडले सगळे! मुकादमानं गूळ वाटला. मामा नाचले सर, हातात मोळी घेऊन नाचले."

मला ती गप्प झालेली टोळी आठवली, धावत येऊन थांबलेली लेकरं आठवली.

"तुमी तोंड धुवायला गेले," कुशावर्ता म्हणाली, "तवा मामा आमाला सगळ्यांना म्हणले, मास्तरला ह्यातलं काई सांगू नका. त्याचं आधीच लय मन मोडलंय. म्हणून इतकी वर्षं तुमच्यापाशी कुणी बोललं न्हाई. ह्यांना सुदिक मी बोलू दिलं न्हाई." चहाची कपबशी खाली ठेवून ती उठली. दारातून मागे वळून जरा संकोचाने म्हणाली, "पण लेकरांचं काय करावं सर? टोळीतली लेकरं आजबी सांगत्यात की त्या साली पिंपळगावला आपुन हरवलं. कुणी न्हाई म्हणलं की भांडत्यात."

चाळीस वर्षं मी चुकीच्या उत्तरावर तांबडी फुली मारत आलो.

"बरोबर सांगतात," मी म्हटलं. "पंधरा-तेराने."