गेली की राहिली?

लग्नानंतर मी शेंदूरजनाघाट सोडलं ते संत्र्यांच्या ट्रकमध्ये बसून. हसू नका. बाबांची बाग होती, माल पुण्याला जाणारच होता, मग त्याच ट्रकमधून लेक-जावई का नाही, असा त्यांचा विचार. गाडीवर परतवाड्याचे गफूरभाई, मध्ये मांडीवर पांढरा रुमाल पसरून बसलेले आमचे पुणेकर हे, आणि खिडकीशी हिरवी साडी नेसून मी. आईनं खालूनच माझा हात धरला आणि म्हणाली, "झोपू नको वं. रस्ता पाहून ठेव. वापस येनं हाये."

मोर्शी यायच्या आत मी घोरत होते.

जाग आली तेव्हा अमरावती मागे पडलं होतं. मी डोळे चोळत विचारलं, "कुठी जाऊन राहिलो आपन?" यांनी रुमालाची घडी केली आणि मास्तरासारखं विचारलं, "जाऊन राहिलो म्हणजे नक्की काय? गेलो, की राहिलो?"

गफूरभाई समोर बघतच म्हणाले, "साहेब, गाडी चालून राहिली का नाही? का थांबली?"

खरं तर वाद तिथंच संपला होता. पण मी यांच्या बाजूनं हसले! केवढा हुशार नवरा मिळाला म्हणून पदर तोंडाला लावून हसले. अकोला येईपर्यंत 'मले'चं 'मला' केलं, आणि पुण्याच्या नाक्यावर तर 'आम्ही जात आहोत' असं रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले. त्या पोरीला आज कान धरून ट्रकमधून उतरवावंसं वाटतं.

अमरावती-अकोल्याकडे राहिलेल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या पुण्यात येऊन मुरलेल्यांनो, हे सगळं आज वर आलं ते एका सिनेमामुळं. नात शर्वरी मला घेऊन गेली. तिला अकोल्यात नोकरी लागली आहे, निघायला चार-आठ दिवस होते. म्हणाली, "आजी, तुझ्या भाषेतला सिनेमा आहे. माझी तयारीपण होईल."

दोन विजोड माणसं आणि एक जुनी जीप. एक पुण्याचा, इस्त्रीवाला, बाटलीतलं पाणी पिणारा. दुसरा आमच्याकडचा, भडक शर्टवाला. पुणे ते अमरावती रस्ताभर भांडतात आणि शेवटी गळ्यात पडतात. मी खुशीत होते. असा प्रवास मी स्वतः केलेला, मला कोण शिकवणार?

पण मंडळी, राग आला. असा राग मला सून भाजीत साखर घालते तेव्हाही येत नाही. पुण्याहून निघालेली त्या दोघांची जीप आधी अमरावतीला पोचते आणि मग अकोल्याला! मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आमच्या बागेत पिकलेलं संत्रं औषधालाही सापडत नाही, झाडं पिवळ्याधमक संत्र्यांनी लगडलेली! तेही सोडून दिलं असतं. पण त्या भडक शर्टवाल्याच्या तोंडी लेखकानं दर वाक्याला 'राहिलो' चिकटवलेलं. चमचा जसा कशातही घालावा तसं. तो नुसता "काहून" म्हणाला तरी लोक खुर्चीत उसळत होते. मग इस्त्रीवाल्यानं विचारलं, "जाऊन राहिलो म्हणजे काय रे? गेलास, की राहिलास?" अख्खं थिएटर फुटलं. शर्वरी तर डोळे पुसत होती.

माझ्या नवऱ्याचा विनोद. इतक्या वर्षांनी, तिकीट लावून.

त्यावर तो येडा म्हणतो, "माझा बाप मागच्या वर्षी मरून राहिला!" पुन्हा हशा.

मी मोठ्यानं म्हटलं, "चूक!"

पुढच्या रांगेतला एक तरुण वळला. "आजी, प्लीज, शांत बसा ना."

"काहून? तू हसून राहिला तं मी बोलू नको का?"

त्याला वाटलं, हीपण सिनेमातलीच. तो आणखी हसला. मी उठले. शर्वरी पॉपकॉर्नचा डबा घेऊन मागे धावली. "आजी, अगं विनोद आहे तो!"

बाहेर जिन्याशी मी तिला थांबवलं आणि जे तिच्या आईलाही कधी नीट सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. 'मरून राहिला' म्हणजे मेला नव्हे. मरतो आहे. अजून आहे. अजून हाक मारली तर ऐकेल.

माझे बाबा आजारी पडले तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. माझी धाकटी बहीण मंदा, जी आता अकोल्यात असते, तिनं आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. म्हणाली, "ताईले सांगा, बाबा जाऊन राहिले." शेजारी चांगले गृहस्थ. जिना चढून आले, चपला बाहेर काढल्या, मान खाली घालून म्हणाले, "वडील गेले हो तुमचे."

घरात सगळे म्हणाले, आता धावून काय उपयोग, तोंड तर दिसायचं नाही, उद्या सकाळी नीघ. मीही रडत रडत ऐकलं. त्या संध्याकाळची गाडी माझ्याशिवाय गेली.

मी पोचले तेव्हा बाबांना नेलं होतं, अंगण नुकतंच सारवलेलं होतं. मंदा माझ्यावर ओरडली, "काल निघाली असती तं भेटली असती! दिवसभर एकच इचारत होते, येऊन राहिली का? येऊन राहिली का?"

'गेलो की राहिलो' हा विनोद नाही, शर्वरी. त्या दोन शब्दांच्या मध्ये माझा बाप जिवंत होता, आणि ते पुण्यात कुणाला कळलं नाही. हे आता नाहीत. असते तर त्या सिनेमाला नेऊन खुर्चीला बांधून बसवलं असतं.

शर्वरी हातातल्या डब्याकडे बघत म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं."

"अन् हसू मात्र येत होतं." मी काही तिला जवळबिवळ घेतलं नाही. राग होता. रिक्षात दोघी दोन बाजूंना बघत घरी आलो. ती अकोल्याला गेली तेव्हाही मी एवढंच म्हटलं, "तिथं तो विनोद केलास तर मंदा मारेल, आणि मी तिच्या बाजूनं असेन."

लोक मला विचारतात, तुमचं घर नेमकं कुठलं? पुण्यात माझं आयुष्य गेलं, नातवंडं इथली, हाडंही इथंच जातील. पण जिथं 'येऊन राहिली' म्हटल्यावर कुणी अर्थ विचारत नाही, उठून चहाचं आधण ठेवतं, ते माझं घर. सिनेमावाल्यांना ते जीप घेऊन सापडलं नाही, यात नवल नाही. मी स्वतः त्या रस्त्यावर झोपले होते.

काल फोन आला. मागून मंदाची कुजबुज ऐकू येत होती, "असं म्हण, असं म्हण." मग शर्वरीचा आवाज, एकेक शब्द ठेवत, जपून. "आजी, दिवाळीले येऊन राहिली का?"

'ले' म्हणायची ढब अजून पुण्याचीच होती. मी चूक काढायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"येऊन राहिली, माय. अन् या खेपेले झोपत नाही. रस्ता पाहत येते."