पन्ना आणि वर्गसंघर्ष

ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यावर माइकवरून मत देऊ नये. हे शहाणपण मला कुठे आलं, ऐकायचंय? घ्या, आधी चहा घ्या. एवढी मोठी फजिती कोरड्या घशानं ऐकायची नसते!

सीडीचे दिवस होते. मी जयपुरात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. आमच्या चार विद्यार्थ्यांनी हिपहॉपचा अल्बम काढला, ‘नल में हवा’. सगळा सामाजिक हं! मुरलीपुऱ्यातले कोरडे नळ, गोपालपुऱ्यात एकेका खोलीत कोंबलेली सहा-सहा कोचिंगची पोरं... त्यावर श्रोत्यांची आणि समीक्षकांची मतं ऐकायचा कार्यक्रम ठरला. त्या चौघांचा म्होरक्या लोकेश सीडी देत म्हणाला, “सर, आप भी बोलिए ना. नाराज़ तो नहीं होंगे?”

नाराज? मी? “अरे, खुलकर गाओ!” मी म्हटलं.

घरी सीडी लावली. अहो, काय तो वेग! एक शब्द पकडावा, तोवर दहा पसार! पण चौथ्या गाण्यातली एक ओळ मात्र अख्खी हाती लागली.

“बीस साल से एक ही पन्ना, घिस रहा है, घिस रहा है!”

मी ताडकन उठलो. पन्ना! म्हणजे पाचू! जयपूर म्हणजे जवाहिऱ्यांचं गाव. वीस वर्षं शेठजीचा पाचू घासणारा बिचारा कारागीर! पुढे ‘धूल’ ऐकू आलं, ‘आँखें बंद’ ऐकू आलं. धुळीनं डोळे गेले हो त्याचे! माझ्याच डोळ्यांत पाणी.

माझी लेक ऋचा त्याच कॉलेजात. ती चाचरत म्हणाली, “बाबा, मतलब... ते पन्ना म्हणजे ना...”

“मला माहितीय पन्ना म्हणजे काय!”

“नाही बाबा, ते तुमचं...”

“माझं नाही, कामगाराचं दुःख आहे ते! वर्गसंघर्ष आहे, तुला नाही कळायचा.”

“वर्गातलाच आहे संघर्ष,” ती पुटपुटली. मी लक्षच दिलं नाही.

कार्यक्रमाला हॉल गच्च. विद्याधर नगरच्या एक बाई म्हणाल्या, नळाचं गाणं आमच्याच गल्लीत बसून लिहिलंय. एक आजोबा म्हणाले, “गाना कम, झगड़ा ज़्यादा!” मग एका वर्तमानपत्राचे समीक्षक शर्माजी उठले. “एल्बम दमदार है. बस, चौथा गाना एक ही आदमी की खिल्ली उड़ाता है. थोड़ा निजी हो गया.”

निजी?! मी उसळलोच. माइक जवळजवळ हिसकावला.

“शर्माजी, यह निजी नहीं है! बीस-बीस साल जुल्म होता रहे और हम चुप रहें? यही गाना सबसे सच्चा है!”

टाळ्या! शिट्ट्या! पोरं खुर्च्यांवर चढली. शर्माजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कुणी संतमहात्माच आहे. ऋचानं ओढणीत तोंड खुपसलं. मला वाटलं, पोरीला अभिमानानं भरून आलं! मग काय, मला आणखीच चेव चढला.

“कौन है वह आदमी?” मी गरजलो. “नाम लो उसका! डरो मत! सबके सामने खड़ा करो उसे!”

लोकेश घाबरत पुढे आला आणि माझ्या कानाशी कुजबुजला. पण माइक माझ्याच हातात होता ना! अख्ख्या हॉलनं ऐकलं.

“सर, पन्ना मतलब पेज. आपके नोट्स का.”

माझी टिपणं! नोकरीला लागलो तेव्हा लिहिलेली, हळदीसारखी पिवळी पडलेली पानं. उलटली की धुरळा उडायचा. आणि डोळे? डोळे कुणाचे गेले नव्हते हो. माझ्या तासाला मिटायचे!

घाम पुसत मी कसंबसं विचारलं, “तो... अब?”

“अब क्या सर,” लोकेश नम्रपणे म्हणाला, “खड़े तो आप हो ही गए हैं.”