दुखले कान

कवळ्या करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो प्लास्टरचे जबडे समोर मांडून बसायचा, मेणात एकेक दात लावायचा आणि तयार कवळी फिरत्या ब्रशवर घासून चकचकीत करायचा. दुसऱ्यांच्या तोंडाची सोय लावणाऱ्या या माणसाला स्वतःचं तोंड मात्र मिटता येत नसे. कामात गाणं, आंघोळीला गाणं, गाडीत तर विचारूच नका. लोक त्याला कवळीबुवा म्हणत आणि त्यालाही ते गोडच लागे.

गाडी जुनी असली तरी धडधाकट होती. रडत होते ते तिचे स्पीकर. त्यांचे कागदी पडदे कधीचे फाटलेले, त्यामुळे कुठलीही गायिका पडसं झाल्यासारखी गायची. पुढे एका बाजूच्या स्पीकरने मौनच धरलं, तेव्हा बायकोने त्याला सुट्टीच्या दिवशी धरून दुकानात नेलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. धूसर गोष्टींशी तिचं जन्माचं वाकडं.

दुकानात एक अख्खी भिंत स्पीकरांची होती. प्रत्येकाखाली एक बटण. दुकानदाराने उत्साहाने एक ढोलाची धून लावली. बुवाच्या छातीत इतकं धडधडलं, की त्याला आधी वाटलं आपल्याला काहीतरी होतंय. त्याने हात जोडून ते थांबवलं आणि मोबाइलवर आपलं आवडतं गाणं काढून दिलं. लग्नाआधी तिच्या दुकानासमोर उभं राहून तो हेच गाणं म्हणायचा.

दुकानदाराने एका छोट्या जोडीचं बटण दाबलं. आवाज असा स्वच्छ, की गायिका श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. बुवाने डोळे मिटले. गायिका म्हणाली, ‘तुझ्याविना सुकले रान.’

बुवाने डोळे उघडले. शब्द चुकतोय, असं त्याने दुकानदाराला सांगितलं. आवाज फाटतो, घरघरतो, अशा तक्रारी दुकानदाराने खूप ऐकल्या होत्या. शब्द चुकतो ही नवीनच होती. तरी गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. त्याने दुसरी जोडी लावली. रान सुकलेलंच. तिसरी लावली, डिकीत ठेवायचा भलामोठा डबा लावला. त्यातून तर रान असं घुमलं, की काउंटरवरचे स्क्रू थरथरले.

‘काका,’ दुकानदार शेवटी म्हणाला, ‘तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?’

‘दुखले कान,’ बुवा म्हणाला. ‘तुझ्याविना दुखले कान.’

दुकानदाराने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

बुवाचा चेहरा उतरला. म्हणजे इतकी वर्षं आपण भर रस्त्यात, मित्रांत, खुद्द सासऱ्यांसमोर कानदुखीचं गाणं म्हणत आलो. त्याने याचा अर्थसुद्धा लावून ठेवला होता: तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही, की कान ठणकायला लागतात. त्याने हळूच बायकोकडे पाहिलं. तिला मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

‘तुला माहीत होतं?’

‘पहिल्याच दिवसापासून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘कशाला सांगू?’ ती म्हणाली. ‘रान काय, कुणासाठीही सुकतं. माझ्यासाठी कान दुखणारा तू एकटाच भेटलास.’

दुकानदाराने अदबीने विचारलं, मग कोणती जोडी देऊ? तिने पहिल्या छोट्या जोडीवर बोट ठेवलं. बुवा कुरकुरला, की त्यात सगळंच फार स्पष्ट ऐकू येतं. ती म्हणाली, तेच हवंय.

मेकॅनिकने दारांची पॅनेलं उघडून नवे स्पीकर बसवले आणि दोघं घराकडे निघाली. गाणं सुरू झालं. ती ओळ जवळ आली तसा बुवा ओठ घट्ट मिटून समोरच्या सिग्नलकडे बघत बसला. तिने हात पुढे करून आवाज पार बारीक केला आणि वाट पाहिली. बुवाने घसा खाकरला, आणि रान बाजूला सारून कान दुखवले, नेहमीपेक्षा जोरातच.

कडवं संपलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘पुढच्या कडव्यातही तुझा एक शब्द चुकतो. सांगू?’

‘नको,’ बुवा म्हणाला आणि पुढचं कडवं बिनधास्त सुरू केलं.