बोंबील चोरणारा बोका

कुत्र्याला इंजेक्शन द्यायला प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर आमच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशी बसलेल्या. मांडीवरच्या टोपलीत एक पिवळा बोका निपचित पडला होता. मी त्याला ओळखलं. पाटीतले बोंबील पळवतो म्हणून मावशी रोज काठी घेऊन ज्याच्यामागे धावायच्या, तोच हा. त्याची लघवी तुंबली होती. ऑपरेशन आजच करावं लागेल, खर्च बराच येईल, असं डॉक्टर सांगून गेले.

"बोका तुमचाच ना?" कागद भरणाऱ्या बाईंनी विचारलं.

मावशींनी टोपलीतल्या बोक्याकडे एकदा पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाल्या, "माजाच हाय." आणि कमरेची पिशवी सोडून त्यांनी ती टेबलावर अख्खी रिकामी केली.

जीव लावतो आपण, पण ते बोलून दाखवायची वेळ सहसा येत नाही. ओरडण्यात, हाकलण्यात वर्षं निघून जातात. इतक्या वर्षांत मला असं चारचौघांत कुणाला आपलं म्हणता आलं होतं का, हे मी आठवत बसलो.

पंधरा दिवसांनी बाजारात माझ्या डोळ्यांदेखत त्या बोक्याने बोंबील उचलला. मावशी सवयीने काठी घेऊन उठल्या, पण जागीच थांबल्या. तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "बघितलंत, कसा धावतो माजा चोर."