मधली रेघ

थोरलीच्या घरात रबराच्या पट्ट्या किती होत्या हे तिलाही सांगता आलं नसतं, पण कुठली पट्टी कशासाठी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती बरोबर सांगायची. लाकडी मुठीत घट्ट बसवलेली रबराची पट्टी, एवढीच ती वस्तू. फरशी पुसणारे तिला वायपर म्हणतात, छपाईवाले स्क्वीजी म्हणतात. या घरात सगळे नुसतं 'रबर' म्हणायचे, आणि ज्याला रबर नीट धरता येत नाही त्याच्याबद्दल थोरलीचं मत फारसं चांगलं नसायचं.

घर तीन मजली. खाली छपाईचा कारखाना, मधल्या मजल्यावर थोरली आणि तिचा नवरा, वरच्या मजल्यावर धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. या तिन्ही मजल्यांवर रबराशिवाय पान हलायचं नाही. न्हाणीघराची फरशी, स्वयंपाकाचा ओटा, सकाळी गाडीच्या काचेवर साचलेलं दव, हे तर कुणीही रबरानं पुसतं. थोरली कोरड्या रबरानं सतरंजी खरवडायची आणि कुत्र्याचे केस लोकरीसारखे वळून बाजूला काढायची. खिडकीला रंगीत कागद चिकटवायचा असला की त्याखालचे हवेचे फुगे ती एका हातानं असे कडेला हाकायची की कागद काचेतच जन्मला असं वाटावं. फरशांच्या फटी भरायला गवंडी आला, तर त्याच्या हातातली थापी काढून घेऊन तिनं त्याला रबर दिलं. गवंडी आधी हसला, मग जाताना तेच रबर मागून घेऊन गेला. नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर क्रीम पसरायलाही तिच्याकडे एक कोरं, वेगळं ठेवलेलं रबर होतं. 

हा हात तिला बापाकडून मिळाला होता. बाप दुकानांच्या दर्शनी काचा धुवायचा. थोरली लहानपणी त्याच्याबरोबर बादली घेऊन फिरायची. साबणाचं पाणी मारायचं, मग वरच्या कोपऱ्यातून रबर सोडायचं ते वळणं घेत घेत थेट खालपर्यंत, मध्ये उचलायचं नाही. उचललं की रेघ. "रेघ दिसली म्हणजे आपण दिसलो," बाप म्हणायचा. "लोकांना काच पण दिसता कामा नये, आतला माल दिसला पाहिजे." एकदा त्यानं इतकी स्वच्छ काच पुसली होती की दुकानाचा मालकच तिच्यावर जाऊन आपटला. नाकाला टेंगूळ घेऊन तो भांडायला आला, आणि बाप मात्र पुढं आठवडाभर छाती काढून चालत होता.

याच छपाईच्या कारखान्याच्या काचा पुसायला बापलेक आले होते, तेव्हा थोरलीचे सासरे आत टेबलाशी उभे होते. ते तिचे सासरे व्हायचे होते अजून. त्यांनी तिचा हात पाहिला आणि बापाला म्हणाले, "मुलीला माझ्याकडे पाठवा. ही कापडावर रबर ओढेल." ती कामाला आली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला रंग कालवणाऱ्या थोरल्या मुलाशी तिची नजरानजर झाली, आणि पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. सासरे लग्नात म्हणाले होते की त्यांनी सून नाही, हात आणला. थोरलीला ते तेव्हा आवडलं नव्हतं. नंतर तिनं ते स्वतःच इतक्यांना सांगितलं की नवऱ्यानं कान बंद करून घेतले.

त्या कारखान्याचं नाव होतं ते रुंद कापडासाठी. लांबलचक टेबलावर कापड ताणून बसवायचं, त्यावर जाळीची चौकट ठेवायची, चौकटीत रंग ओतायचा आणि तो रबरानं जाळीतून दाबत न्यायचा. चौकट एवढी रुंद की एका माणसाचा हात पलीकडे पोचत नाही. म्हणून टेबलाच्या दोन बाजूंना दोघी. एकीनं रबर आपल्याकडून मध्यापर्यंत ढकलायचं, तिथं दुसरीनं ते धरायचं आणि आपल्याकडे ओढायचं. हात बदलतात, रबर थांबत नाही. क्षणभर जरी थांबलं, किंवा दाब कमीजास्त झाला, तरी कापडावर बरोबर मधोमध रेघ उमटते. थोरली आणि धाकटीच्या कापडावर ती रेघ कधी कुणी पाहिली नाही. दुसऱ्या कारखान्यांची माणसं येऊन बघून गेली, त्यांनी कापड उजेडाला धरलं, डोळे बारीक केले, आणि चहा पिऊन परत गेली.

काम संपलं की उरलेला रंग टाकून द्यायचा नाही, हा थोरलीचा कायदा. जुन्या चादरीच्या कडेला ती उरलेल्या रंगांचे ठिपके ओळीनं टाकायची आणि रुंद रबर घेऊन एका दमात ओढायची. ओढता ओढता मनगट किंचित हलवायची. चादरीवर पाण्याच्या लाटा उठायच्या, कधी कड्याचे थर, कधी नुसतं धुकं आणि त्यात झाडांच्या सावल्या. ते करताना तिचं तोंड उघडं राहायचं, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई दहा वर्षांची दिसायची. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरनं त्यातली एक चादर मागून नेऊन भिंतीला लावली आहे. लोक दाढ धरून येतात आणि ती बघत बसतात. कुणी समुद्र म्हणतं, कुणी रान म्हणतं. थोरलीला विचारलं तर म्हणायची, "उरलेला रंग आहे तो." पण दात दुखत नसतानाही ती दोनदा तिथं जाऊन बसून आली होती.

अशी ही गुणी बाई. आता तिचं दुसरं अंग सांगायला हवं. तिच्या नाकावर माशी बसत नसे, आणि राग आला की जिभेला लगाम नसे. मुलं शाळेत होती तेव्हाची गोष्ट. घरात साफसफाई निघाली होती. न्हाणीघराचं रबर सापडेना, म्हणून धाकटीनं हाताला लागलं ते घेतलं आणि फरशी खसाखसा पुसून काढली. ते थोरलीचं छपाईचं रबर होतं. फरशीच्या फुटक्या कडेला लागून त्याच्या धारेला बारीकसा दात पडला, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या कापडावर केसाएवढी ओळ उमटत गेली. थोरलीनं आकाशपाताळ एक केलं. सगळ्या घरासमोर तिनं धाकटीला विचारलं, "तुझ्या आईनं काय फक्त फरशा पुसायलाच शिकवलं होतं का?"

धाकटीची आई खरंच लोकांच्या फरशा पुसायची. फरशा पुसून पुसूनच तिनं मुलगी वाढवली होती. थोरलीला हे ठाऊक होतं, पण बोलताना आठवलं नाही, आणि आठवलं तेव्हा शब्द तोंडातून गेला होता. स्वतःचा बाप काचा पुसायचा हेही तिला तेव्हा आठवलं नाही. धाकटीनं ओलं फडकं बादलीत टाकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. थोरलीनं चूक कबूल करायला हवी होती. ती आज करू, उद्या करू म्हणत राहिली. मुलांच्या शाळा संपल्या, त्यांची लग्नं झाली, तरी कुलूप तसंच.

काम मात्र एक दिवस थांबलं नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या आणि रबर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात लोण्यासारखं जायचं. बोलायचं असलं की हवेत बोलायच्या. "कुणीतरी हिरवा पातळ केलाय," थोरली छताला सांगायची. "ज्याला दाट हवाय त्यानं कालवावा," धाकटी खिडकीला सांगायची. अगदीच अडलं तर कुत्र्याला मध्ये घालायच्या. थोरलीचा नवरा म्हणायचा, "या घरात सगळ्यात जास्त बातम्या त्या कुत्र्याला असतात. मला तर जेवायला काय आहे तेही तोच सांगतो."

मग धाकटी जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. नेमकं त्याच सुमाराला नाट्यगृहाच्या दर्शनी पडद्याचं काम आलं. गडद निळं कापड, त्यावर माणसाएवढे पांढरे पक्षी, आणि समोर अख्खं गाव बसणार. जास्तीचं कापडही नाट्यगृहवाल्यांनी थोडंच दिलं होतं. थोरलीनं आधी दिराला टेबलापलीकडे उभं केलं. पक्ष्याच्या छातीवर रेघ. नवऱ्याला उभं केलं. रेघ, आणि शिवाय त्याच्या शर्टावर पांढरा रंग. बाहेरून एक अनुभवी छपाईवाला बोलावला. तो चांगला होता, रेघही बारीक आली, पण आली. नवरा दबकत म्हणाला, "आपण आता पिशव्याच छापूया का? रुंद काम सोडून देऊ." रुंद काम सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते तिलाच ठाऊक होतं. टेबलापलीकडे ती बाई उभी राहिली नाही, तर दोघींमध्ये जे काही उरलं होतं तेही संपणार होतं.

दिराच्या हातची रेघ पडलेलं कापड आणि एक बादली घेऊन थोरली वरच्या मजल्यावर गेली. धाकटी पलंगावर बसली होती. कुत्रा खाली होता. थोरलीनं कापड पलंगावर पसरलं, आणि पुढं काय करावं ते न सुचल्यामुळं तिच्याकडे पाठ करून खिडकीची काच धुवायला घेतली.

धाकटीनं रेघेवरून बोट फिरवलं. मग ती भिंतीला म्हणाली, "हे कुणी ओढलं? म्हशीनं?"

"वरच्या मजल्यावरच्याच एका माणसानं," थोरली काचेला म्हणाली.

पलंगावरून हसू दाबल्याचा आवाज आला. मग धाकटी भिंतीला म्हणाली, "मनगटात जोर राहिला नाही. मध्यापर्यंत ढकलता येणार नाही आता कुणाला."

थोरलीनं रबर वरून खाली आणलं, फडक्याला पुसलं. "मध्यापर्यंत कोण म्हणतंय? जिथपर्यंत येईल तिथपर्यंत. पुढचं ज्याचं तो बघेल."

दोघींच्या मते हे काही बोलणं नव्हतं. सकाळी धाकटी खाली येऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

थोरलीनं पायाखाली बुटका पाट घेतला आणि टेबलावर ओणवी झाली, म्हणजे हात मध्याच्या पलीकडे पोचेल. पण अडचण वेगळीच निघाली. इतकी वर्षं तिला धाकटीचा हात पाठ होता. रबर कधी येणार, किती दाबानं येणार, हे बघावंही लागत नसे. आता तो हात नवा होता. कधी पाव अंतरातच थकायचा, कधी जरा जास्त यायचा. पहिल्या दोन चौकटी वाया गेल्या. तिसऱ्या वेळी धाकटीचं मनगट लटपटलं, रबर हातातून सुटायला आलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "घ्या!"

ते छताला नव्हतं आणि खिडकीलाही नव्हतं. थोरलीनं रबर झेललं आणि ओढलं. चौकट उचलली. पक्ष्याच्या पंखावर रेघ नव्हती.

मग दुसरा उपायच उरला नाही. चौकट पुढं सरकायची, धाकटी ढकलायची, हात दमला की म्हणायची, "घ्या." थोरली घ्यायची. रंग कालवत बसलेल्या नवऱ्यानं हातातली पळी खाली ठेवली आणि श्वास रोखून बघत राहिला. टेबलावर एकामागून एक पांढरे पक्षी उतरत गेले. दुपारपर्यंत धाकटीच्या कपाळावर घाम साचला होता. प्रत्येक ढकलीला तिचा खालचा ओठ दाताखाली जायचा. तिनं एकदाही 'दुखतंय' म्हटलं नाही, दर वेळी फक्त तेवढा एक शब्द. आणि दर वेळी तो शब्द ऐकताना थोरलीला एकच कळत होतं, या बाईनं तो पहिल्यांदा उच्चारायला तिचं मनगट मोडावं लागलं होतं.

शेवटच्या पट्ट्यावर "घ्या" आलं आणि थोरलीनं रबर धरलं. पण ओढलं नाही. दोघींचे चारही हात त्याच लाकडी मुठीवर होते. जिनं जन्मभर कुणाला मध्ये थांबू दिलं नाही, तीच थांबली होती.

"तुझ्या आईबद्दल बोलले," थोरली म्हणाली. "फार वाईट बोलले मी. त्याच दिवशी कळलं होतं मला. तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे. डोळे भरून आले होते, तरी जाळीकडे तिचं लक्ष होतंच.

"रंग वाळतोय, जाऊबाई," ती म्हणाली. "आधी ओढा. मग सगळं बोलू."

थोरलीला डोळे पुसता आले नाहीत, हात मोकळे नव्हते. धाकटीनं आपले हात सोडले, आणि थोरलीनं रबर शेवटपर्यंत ओढलं.